लाँग रीचला तरंगत आलेलं पोस्ट

फिलोमिना हाइन्सने पिकेट बेटावरचं पोस्ट एकोणीस वर्षं सांभाळलं होतं. पोस्ट म्हणजे बारा बाय सोळा फुटांची एक लाकडी खोली. न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर नुकत्याच आगबोटी यायला लागल्या, तेव्हा तिच्या आजेसासऱ्यांनी एका फुटलेल्या जहाजाच्या फळ्या जमवून ती उभी केली. जुळलेली लग्नं, बुडालेल्यांच्या बातम्या, बोस्टनला कामाला गेलेल्या पोरींची पार्सलं, सगळं त्याच एका खिडकीतून आलं-गेलं.

सन १९६६च्या ऑगस्टात बेट रिकामं होत होतं. लोक बेट सोडायच्या सरकारी कागदावर सह्या करून आपापली लाकडी घरं पाण्यावरून ओढत खाडीपलीकडे लाँग रीचला नेत होते. तिथे पोस्टाला इमारत नव्हती, म्हणून बेटावरचंच पोस्ट न्यायचं ठरलं.

सगळ्यात आधी सही केली होती फिलोमिनाच्या भावाने, अँब्रोजने. दोन वर्षांपूर्वी तो सहा पोरांना घेऊन गेला. पोरं गेली तशी शाळा बंद झाली, आणि शाळेमागून माणसं निघाली. "बेटाचं दार तू लावलंस," एवढंच बोलून फिलोमिनाने त्याच्याशी अबोला धरला. त्याची चार पत्रं आली. तिने ती न फोडता, नियमाप्रमाणे पंधरा दिवस ठेवून, शिक्का मारून परत धाडली.

निघायच्या दिवशी भरतीच्या वेळी पोस्टाखाली तरंगण्यासाठी रिकामी पिंपं बांधली गेली आणि ते ओढायला एका मोटरबोटीला दोराने जोडलं. आदल्या दिवशीची आगबोट धुक्यामुळे आलीच नव्हती, त्यामुळे टपालाची पिशवी आतच होती. फिलोमिना आत शिरली आणि तिने कडी घातली.

"अगं, बाहेर ये! पिशवी घे बोटीत," त्या बोटीतून तिचा नवरा लिअँडर ओरडला.

"बोटीत भिजली तर जबाबदार कोण? पोस्टात आहे तोवर ती पोस्टात आहे."

"आणि पोस्टच बुडालं तर?"

"मग वरच्या साहेबांना तूच कळव."

खरं कारण तिने सांगितलं नाही. बाहेर बसून ती इमारत बुडताना बघायची तिची छाती नव्हती.

अर्धी खाडी ठीक पार पडली. मग नैर्ऋत्येचा वारा सुटला, दोर ताडकन तुटला आणि त्याचं टोक लिअँडरच्या बोटीच्या पंख्यात गुरफटलं. पोस्ट आडवं फिरून ज्यांना लोक 'डुकरीण आणि पिल्लं' म्हणत त्या खडकांकडे वाहायला लागलं. फटींतून पाणी आत आलं. फिलोमिनाने पिशवी काउंटरवर चढवली, शिक्का आणि तिकिटं एप्रनमध्ये बांधली आणि खिडकी उघडली. खडकांवर फुटणारा फेस आता स्पष्ट दिसत होता. लिअँडर सुरी घेऊन पाण्यात वाकला होता. पंखा काही सुटत नव्हता.

तेवढ्यात लाँग रीचकडून एक मोटरबोट सुसाट आली. बोटीत एकटा अँब्रोज.

"मेना! दोर फेकतोय! चौकटीला नको, खालच्या तुळईला बांध! गाठ येते ना अजून?"

"तुला कोणी शिकवली रे, गाढवा?"

पहिला दोर पाण्यात पडला. दुसरा तिने झेलला, पोटावर पालथी पडून, गार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून तुळईला आवळला. अँब्रोजची बोट घरघरली, दोर ताठ झाला. क्षणभर काहीच हललं नाही. मग खडक हळूहळू मागे सरकायला लागले. तिकडे लिअँडरनेही पंख्यातला दोर एकदाचा कापून काढला.

फिलोमिना ओल्या फळ्यांवर बसली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, तेही तिने येऊ दिलं.

लाँग रीचच्या किनाऱ्यावर निम्मं गाव गुडघाभर पाण्यात उभं होतं. दार उघडून तिने आधी पिशवी बाहेर दिली. अँब्रोज समोर आला.

"चार पत्रं परत पाठवलीस," तो म्हणाला. "म्हटलं, पाचव्या वेळी आपणच यावं."

"काय लिहिलं होतंस एवढं?"

"चारही वेळा एकच. ये म्हणून."

तिने त्याच्या छातीवर एक गुद्दा मारला आणि तिथेच कपाळ टेकलं. लिअँडर मागून म्हणाला, "मलाही कोणी विचारा, मी पण आत्ताच मरता मरता वाचलोय."

अँब्रोजच्या बायकोने सुके कपडे दिले, मग काकवी लावलेला पाव आणि डब्याच्या दुधाचा चहा. फिलोमिनाने तीन कप प्यायले. कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

इमारत ओंडक्यांवरून वर ओढताना थोडी तिरकी बसली. सरळ करू, सरळ करू म्हणत कोणीच केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला खिडकी उघडली, तेव्हा बाहेर रांग लागली होती आणि काउंटरचं लाकूड अजून ओलं होतं.