डावीकडचं ताट

महिनाभराच्या तापानंतर आदिनाथच्या डाव्या हाताची जाणीव गेली आणि वागणूक बिघडली. वर्गात शिकवताना उजव्या हातानं तो फळ्यावर लिहू लागला की डावाही हवेत तेच लिहायचा, उलटं. नायगावच्या शाळेतल्या पोरांना गणितापेक्षा हे लवकर समजलं.

लातूरच्या डॉक्टरांनी त्या हाताला सुई टोचून बघितली. आदिनाथला पत्ताच नव्हता. हातात ताकद आहे, पण त्याची खबर मेंदूला पोचवणाऱ्या नसा मेल्यात. आपण कुठं आहोत हेच त्याला कळत नाही, म्हणून तो उजव्याची नक्कल करतो, असं त्यांनी सांगितलं. उपाय सोपा होता. हाताकडं बघत राहायचं. नजर असली की तो गप्प बसतो. आत्ताच खोड मोडली नाही तर जन्मभर राहील.

घरी आई, धुरपताबाई, वाढत होती. आदिनाथनं घास उचलला. डावा हातही रिकामाच तोंडापर्यंत आला. आईच्या हातातली पळी थांबली.

आदिनाथचा थोरला भाऊ दयानंद डावखुरा होता. डाव्या हातानं जेवतो म्हणून आईनं त्याला लहानपणी कितीदा ताटावरून उठवलं होतं. त्याला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून आदिनाथच्या डावीकडं आणखी एक ताट आलं. त्याच्या ताटात नुसतं वरण. त्या ताटात दयानंदच्या आवडीची अंबाडीची भाजी, वर तेलाची धार. आदिनाथच्या बायकोनं, वर्षाराणीनं, डॉक्टरांचं म्हणणं नीट समजावून सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डावीकडं अजून एक भाकरी वाढली.

आठव्या दिवशी आदिनाथनं ठरवलं, हात आपला आहे. जेवताना तो त्याच्याकडं रोखून बघू लागला. हात मांडीवर मुकाट पडून राहिला.

"असं डोळे वटारून नको बघू रे त्याच्याकडं," आई म्हणाली. "म्या लई बघितलं तसं. लेकरू उपाशी उठायचं."

आदिनाथनं नजर काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवली. खबरदारी म्हणून उजवा हात मांडीखाली दाबून धरला. आता नक्कल करायला काही उरलंच नव्हतं.

डावीकडं भाकरी मोडल्याचा आवाज आला.

"सावकाश, बाबा," आई म्हणाली. ती आदिनाथशी बोलत नव्हती.

कॅलेंडरवर एकादशी किती दिवसांवर आली, हे आदिनाथ फार लक्ष देऊन मोजत राहिला.