मानेची खूण

आमच्या तलावात डोंग्यावर बोलायचं नसतं. माणसाच्या आवाजाने मासा बुडी मारतो. मी पुढे जाळं घेऊन उभा, डोमा मागे बांबू घेऊन. मासा डावीकडे दिसला की मी मान डावीकडे झुकवायची, डोमाने डोंगा तिकडे न्यायचा. मिसरूड फुटल्यापासून आम्ही दोघं असेच मासे धरत आलो.

मग संधिवाताने माझ्या मानेची वरची हाडं सैल केली. हातातून जाळं गळायला लागलं, पाय लटपटायला लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एका हिसक्यात जीव जाईल. त्यांनी मागून मान उघडून सळ्या आणि स्क्रू बसवले. हातापायांत जोर आला, मान मात्र कायमची ताठ झाली. आता कोणी मागून हाक मारली की मला बैलगाडीसारखं सगळंच वळावं लागतं. वळेपर्यंत हाक मारणारा निघून गेलेला असतो.

बायको वच्छला गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. होता तो एक डोमा. डॉक्टरांनी कामाला मोकळीक दिली तरी त्याने आपल्या पुतण्यालाच, निकेशला, पुढे उभं केलं. मी तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून त्यांचा डोंगा बघायचो. राग यायचा, रडूही यायचं. वाचलो तरी कशाला, असं वाटायचं.

निकेश सासुरवाडीला गोंडपिपरीला गेला, त्या सकाळी डोमा दारात आला.

"चाल."

"मान वळत नाई. हात करीन," मी निघतानाच सांगितलं.

डावीकडे पाणी हललं. मी डावा हात वर केला. डोंगा सरळच गेला. पुन्हा हात केला, पुन्हा तेच. माझं डोकं सणकलं. न बोलण्याचा नियम गेला खड्ड्यात.

"आंधळा झाला का बे? हात दिसत नाई तुले?"

मागे बांबू थांबला.

"तिकडं पाह्यतच नाई मी," डोमा म्हणाला. "तुया मानेवरच्या टाक्याचे वण दिसते. मले पाहवत नाई, मुखरू."

त्याचं तोंड बघावंसं फार वाटलं. पण डोंग्यात अख्खं अंग वळवलं असतं तर दोघंही पाण्यात गेलो असतो. मी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि मानेभोवती गुंडाळला.

"घे, झाकलं. आता पाह्य."

डावा हात वर केला आणि तसाच धरून उभा राहिलो. हात भरून आला. मग डोंग्याचं तोंड हळूहळू डावीकडे वळलं.