एकशे बारा माणसांचं गाव

प्रागच्या आमच्या ज्यू वस्तीत कुणावर अन्याय झाला, तर शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या, सकाळी सिनेगॉगमधलं तोरा या धर्मग्रंथाचं वाचन अडवायचा त्याला हक्क आहे. एकदा एकाने कोंबडीवरून अडवलं होतं. दोन तास. कोंबडीही हजर होती.

त्यामुळे त्या शनिवारी ट्रायना नावाची परगावची म्हातारी बायकांच्या सज्जातून खाली उतरून वाचनाच्या मेजापुढे उभी राहिली, तेव्हा आम्ही आरामात बूड टेकलं.

"रब्बी, तुमच्या इतिहासात माझं गाव नाही."

आमचे धर्मगुरू रब्बी अवीगदोर गेली अकरा वर्षं एक इतिहास लिहीत होते, पूर्वेकडे कोसाक घोडेस्वारांनी बेचिराख केलेल्या आमच्या लोकांच्या गावांचा. रविवारी पहाटे ती वही छापखान्याच्या गाडीने निघणार होती.

"कुठलं गाव, बाई?"

"होतं तेव्हाही कुणाला ठाऊक नव्हतं. एकशे बारा माणसं मारली. मी तेवढी उरले. सगळी नावं येतात मला."

"संध्याकाळी या. शब्बाथ संपला की लिहून घेतो."

"संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्याची हमी कोण घेणार? तुम्ही? कालच दोन नावं हरवली. आज जिना उतरताना सापडली."

शब्बाथला लेखणीला हात लावायचा नाही. रब्बींनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, झोपले.

"एकेकाने पुढे या," ते म्हणाले. "प्रत्येकी एक नाव. अंधार पडेपर्यंत सांभाळायचं."

रांग लागली. ट्रायना एकेकाच्या कानाशी नाव आणि तो कोण होता ते सांगत होती. लोकरीचे व्यापारी झालमन भडकले.

"मला घोडेचोर? मी विश्वस्त आहे इथला!"

"बदलून मिळणार नाही," रब्बी म्हणाले.

मला योसेल आला. चाकं बनवायचा, म्हणे, आणि सगळी वाकडी.

त्या दुपारी अख्खी वस्ती पुटपुटत होती. आदल्या दिवसापासून भट्टीत ठेवलेलं घेवड्याचं कालवण लोक दोन घासांत एक नाव असं जेवले. आमचा शेजारी फायवेल 'ब्राइंडल, ब्राइंडल' करत घरात शिरला.

"अहो, ही ब्राइंडल कोण?" बायकोने विचारलं.

"बाई गं, मेलीये ती."

"मग इतक्या प्रेमाने?"

डुलकी कुणी काढली नाही. भांडणं झाली नाहीत, कारण तोंडं रिकामी नव्हती. मी योसेल म्हणत पुलापर्यंत गेलो. समोरून येणारा प्रत्येक जण कुणाला तरी घेऊन चालला होता. सगळ्याची चेष्टा करायची माझी सवय त्या पुलावर मला सोडून गेली. बराच वेळ परत आली नाही.

तीन तारे दिसले, शब्बाथ संपला. दिवा लागला, रब्बींनी वही उघडली, आणि गल्लीभर रांग. "योसेल," मी म्हणालो. "चाकं वाकडी." त्यांनी दोन्ही लिहिलं. झालमन आले, चोराचं नाव सांगितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "चोर लिहू नका. घोडे आवडायचे, असं लिहा."

एकही नाव हरवलं नाही. तरी रब्बी अडले.

"बाई, एकशे अकराच झाले."

"शेवटचा कुणाला दिलाच नाही. माझा नातू. सहा दिवसांचा. आठव्या दिवशी सुंता झाली की नाव ठेवणार होतो."

रब्बींनी लेखणी बुडवली. कागदावर धरली, न टेकवता, एका नावाला लागतो तेवढा वेळ. मग बोटभर जागा कोरी सोडून, तिथली शाई ओली असल्यासारखी तिच्यावर शाई सुकवायची वाळू टाकली आणि सुकेपर्यंत थांबले. आम्हीही थांबलो.