करड्या अक्षरांतली ओळ

ताई नक्की काय काम करते, हे तिच्या सासूला कधीच कळलं नाही. ती एका कंपनीत बटणांवरचे शब्द लिहायची. फोनवर हो की नको असं विचारतात ना, तिथे हो म्हणायला बरं वाटावं आणि नको म्हणताना माणूस ओशाळावा, एवढीच तिची कामगिरी. त्यात तिचा हातखंडा होता. ती दोन वाक्यं लिहायची, निम्म्या लोकांना एक दाखवलं जायचं, निम्म्यांना दुसरं. ज्यात जास्त माणसं अडकतील ते राहायचं. ऑफिसात तिला शब्दवाली म्हणत. माणूस नुकसान सोसतो पण लाज सोसत नाही, हे तिला नोकरी लागल्यावर वर्षभरातच उमगलं होतं, आणि असल्या शहाणपणाला तिथे बढती मिळते.

धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हा ताईनेच हौसेने कंपनीचं गरोदर बायकांचं ॲप तिच्या फोनवर घालून दिलं. तारीख, वजन, पत्ता, सगळं भराभर भरलं. अटी वाचायचा प्रश्नच नव्हता. ज्या घरात अटी शिजतात तिथली माणसं त्या चाखत नाहीत.

पाचव्या महिन्यात बाळ गेलं.

धाकटीला दवाखान्यातून घरी येऊन तीन आठवडे झाले, पण ॲपला ते कोण सांगणार? आज बाळ पपईएवढं झालं, आज त्याला तुमचा आवाज ऐकू येतो, असे मेसेज रोज सकाळी येत होते. तिने ॲप काढून टाकलं तरी ते थांबेनात, कारण खातं चालूच होतं. पत्ता कुणाकुणाला वाटला होता देव जाणे; लंगोटांचा फुकट नमुना थेट दारात आला. तेव्हा धाकटीने ताईला बोलावलं. तुला यातलं कळतं, एवढं बंद करून दे, म्हणाली.

ताईने पलंगावर तिच्याशेजारी बसून तिच्या फोनवर खातं बंद करायला घेतलं. एकामागून एक पाच पानं ओलांडली. सहाव्यावर मोठं हिरवं बटण होतं: "मी बाळासोबतच राहते." त्याच्याखाली, बारीक करड्या अक्षरांत: "नको, मला माझ्या बाळाची काळजी नाही."

हे ताईचंच वाक्य होतं. इथवर आलेल्या शंभरातल्या एक्क्याण्णव बायका ते वाचून मागे फिरल्या होत्या, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती. ॲप सोडून जाणाऱ्या बायका कंटाळून जातात, असंच सगळे धरून चालले होते. दुसरंही कारण असू शकतं, हे त्या खोलीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

धाकटी म्हणाली, "रोज इथपर्यंत येते आणि परत फिरते. खोटं आहे गं ते. कसं दाबू?"

ताईने फोन पलंगावर ठेवला.

"ज्याने हे लिहिलंय ना," धाकटी थकल्या आवाजात म्हणाली, "त्याच्या घरात असं कधी होऊ नये."

एखादीने शिव्याशाप दिले असते तर ताईने ते मुकाट गिळले असते. पण हे तिला गिळता येईना.

"मीच लिहिलंय," ती म्हणाली.

धाकटीने फोन उचलून ताईच्या हातात नीट बसवला.

"मग तूच दाब. मोठ्याने वाच आणि दाब."

ताईने वाचायला सुरुवात केली. नको, मला माझ्या, इथपर्यंत आली आणि थांबली. तिचा अंगठा नुसताच काचेवर अधांतरी राहिला.

धाकटीने फोन काढून घेतला आणि ती ओळ स्वतः दाबली. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने बाजूला केला.

"तू जा आता," ती म्हणाली. "आणि उद्या ऑफिसात सांग, एक बाई कंटाळून गेली म्हणून."