चेअरमनसाहेबांची काळी शाल

हाटकेश भागातल्या एका सोसायटीत चेअरमन हरिश्चंद्रभाऊंचा सत्कार करायचं ठरलं, आणि ठरवलं अर्थातच हरिश्चंद्रभाऊंनी. कारण काय, तर वर्षभर त्यांनी पाणी कमी पडू दिलं नाही. पाणी कसलं होतं, हे सत्कारात विचारणं शोभत नाही. विकतची शाल कशाला, आपल्या उर्मिलाकाकू छान विणतात, हेही त्यांनीच सुचवलं. काकू लगेच हो म्हणाल्या. शाल जवळजवळ तयारच होती.

गेल्या मेमध्ये काकूंच्या नातीला, चांदणीला, कावीळ झाली. टाकी साफ करा, फुटका पाइप बदला, असे काकूंनी चार अर्ज दिले.

"प्रूफ काय?" भाऊ म्हणाले. "आणि बोभाटा नको, फ्लॅटचे रेट पडतील."

पोर पिवळी पडली तरी चालेल, रेट पडता कामा नयेत. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा कावीळ झाली तर पोर हाती लागायची नाही, या धास्तीनं त्यांनी तपासणीच्या बाटल्या आणल्या. रोज नळाचं पाणी भरायचं. दुसऱ्या दिवशी काळं पडलं तर ते दूषित. मग शालीत त्या दिवसाची काळी ओळ, नाहीतर पांढरी. महिना बदलला की एक लाल. पांढऱ्या लोकरीचा गुंडा काही संपेना.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पार्किंगमध्ये सत्कार झाला. सणच असा, की काळी शाल कुणालाच खटकली नाही. भाऊंनी ती ऐटीत अंगभर लपेटली.

"संक्रांतीला काळं! काकूंचं टायमिंग एकदम परफेक्ट. काकू, डिझाइनबद्दल दोन शब्द बोला ना," भाऊ म्हणाले.

"एक ओळ म्हणजे आपल्या नळाचं एका दिवसाचं पाणी," काकू माइकवर म्हणाल्या. "काळी म्हणजे दूषित. लाल ओळीपासून नवा महिना, जून ते डिसेंबर."

टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या. तिसऱ्या मजल्यावरची रुचिता उठली आणि भाऊंच्या छातीवरच्या ओळी बोटानं मोजू लागली.

"अकरा जून. माझ्या निकेतला सलाइन लावलं तो दिवस. काळाच आहे."

तिच्यामागे मृणालिनी आली, मग रसिका. हातात वाण घेऊन बायकांची रांगच लागली. भाऊ शाल काढायला गेले, तर त्यांच्या बायकोनं, शांतीवहिनींनी, हात धरला.

"अहो, वळा जरा. ऑगस्ट पाठीवर आलाय. आपली सून ॲडमिट होती ना तेव्हा."

भाऊ वळले. टाकी उद्याच साफ होतेय, पाइपही बदलतोय, असं ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.