नोरीनचं हसू

डेस्मंडच्या हातात कला होती, धीर मात्र नव्हता. टोरांटोत भीतीचे सिनेमे काढणारे सगळे त्याच्याच कारखान्यात यायचे. फुटकी डोकी, उसवलेली पोटं, सगळं रबराचं. या खेपेच्या सिनेमात होती एक टीव्ही वाहिनी. ती जो बघेल त्याच्या अंगात खुनशी वेड शिरतं, आणि शेवटी नायिकेचा चेहरा टीव्हीच्या काचेतून बाहेर येतो आणि फुटतो.

नायिका होती नोरीन. साचा घेताना चेहऱ्यावर गार लगदा थापतात, तेव्हा माणसाने दगडासारखं पडून राहायचं असतं. ही बया नेमकी तेव्हाच हसली. मग त्या साच्यात ओतलेल्या प्लॅस्टरच्या चेहऱ्यात ओठांचा डावा कोपरा वर उचललेला राहिला. पुढच्याच महिन्यात बर्फावर गाडी घसरून नोरीन गेली. तिचं सगळं काम चित्रित झालं होतं. उरला होता तेवढा फुटणारा चेहरा.

"अरे बाबा, मला किंचाळणारी बाई हवीय, बोहल्यावरची नवरी नको!" दिग्दर्शक गॅरी खेकसला. "घालव ते हसू!"

लगद्याचा साचा एकदाच चालतो, मग फाटतो. म्हणून प्लॅस्टरच्या मूळ चेहऱ्याची नक्कल काढल्याशिवाय त्याला कानस लावायची नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. डेस्मंडने घाईत मूळ चेहराच घासला. हसू भुकटी होऊन खाली पडलं आणि त्याने ते झाडून टाकलं.

मग विल्फचा फोन आला. नोरीनचा बाप, जन्मभर ट्राम चालवलेला.

"त्या दिवशी कार्टी केसांत प्लॅस्टर घेऊन घरी आली. म्हणाली, 'डॅड, मी हसले आणि बिचाऱ्याचं काम बिघडवलं.' फोटोत कधी हसायची नाही हो, दात वाकडे म्हणून. ते हसू तुमच्याकडे आहे ना?"

"या," डेस्मंडच्या तोंडून एवढंच निघालं.

त्याने मातीने ओठांचा कोपरा पुन्हा उचलून पाहिला. कधी नोरीन कुत्सित दिसे, कधी वेडगळ. भुतं घडवणाऱ्या त्या हातांना एक साधं हसू जमेना. शेवटी त्याने माती काढून टाकली.

विल्फ आला तो लोण्याच्या गोड टार्टचा डबा घेऊन. डेस्मंडने चेहरा पुढे ठेवला. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, नाकावरून बोट फिरवलं, कपाळावरून फिरवलं. ओठांशी बोट थांबलं.

"हे तिचं नाही."

विल्फने चेहऱ्याच्या ओठांवर तळहात ठेवला आणि नुसत्या मिटल्या डोळ्यांकडे पाहत राहिला.

"आता आहे," तो पुटपुटला. मग गळ्यातला मफलर काढून त्याने चेहरा गुंडाळला. दारात थबकून विचारलं, "सिनेमात काय होतं रे हिचं?"

"टीव्हीतून बाहेर येते."

"आणि?"

पलीकडे फळीवर रबराची नोरीन आ वासून उभी होती. डेस्मंड तिच्या आणि म्हाताऱ्याच्या मधे सरकला.

"हसते," तो म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मग पहिल्याच खेळाला येतो. तिच्या मावशीलाही आणतो."