उरलेले चेहरे

"पोर माझ्याकडे दे आणि नीट ऐक," बुबू लेमारो म्हणाली. "आत पोत्यात हात घालावा लागेल. कडेवर पोर असली तर जमायचं नाही."

लेसावीनं निनाला तिच्याकडे दिलं. बुबू काही तिची सख्खी आजी नव्हे, ती अख्ख्या गावाचीच आजी. तिचं मत टाकून झालं होतं.

शाळेच्या अंगणात बायकांची रांग आंब्याच्या सावलीतून पुढं सरकत होती. पुरुष सकाळीच मोकळे झाले होते. टेबलावर प्रत्येकाला चिठ्ठ्यांचा जुडगा मिळे, दर चिठ्ठीवर एका उमेदवाराचा चेहरा. पडद्याआड जायचं, हवा तो चेहरा पाकिटात घालायचा, उरलेले पोत्यात टाकायचे. पण मुखिया तारिमासनं रविवारी प्रार्थना सुटल्यावर बायकांना थांबवून सांगितलं होतं, "तुम्ही उरलेल्या चिठ्ठ्या टाकू नका. झग्याच्या बाहीत घालून नाकमालात, पुरुषांच्या बैठकघरात आणा. कुणाची चूक झाली का बघू."

चूक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको होतं. उरलेल्यांत काल्सोंगचा चेहरा निघाला की चूक. काल्सोंग मुखियाचा पुतण्या, संसदेतला जुना सभासद. चुकीला दंड एक चटई.

लेसावीकडे चटई एकच होती. निना पोटात असताना विणायला घेतलेली, पुढं ती झोपली की तेवढ्या वेळात एखादी ओळ ओढून पुरी केलेली, तांबड्या काठाची. निना लग्न होऊन जाईल तेव्हा तिच्याबरोबर जायची.

आणि दुसरीकडे नर्स लेविया, काल्सोंगसमोरची उमेदवार. निनाच्या आधीचा मुलगा बाळंतपणात अडला तेव्हा ती किनाऱ्यावर कंदील हलवत उभी राहिली होती. एकही होडी थांबली नाही, मुलगा गेला. दवाखान्याला एक होडी द्या म्हणून ती किती वेळा काल्सोंगच्या दारात जाऊन आली. शेवटी एक दिवस लेसावीच्या ओट्यावर बसून म्हणाली, "दाराबाहेर उभं राहून बघितलं. आता आतच जाऊन बसते." त्या आतमध्ये, राजधानीतल्या संसदेत, एकही बाई नव्हती.

"लेवियाची चिठ्ठी पाकिटात घाल," बुबू कुजबुजली. "पुरुषांनी टाकलेली तिची दुसरी चिठ्ठी पोत्यात असेल, ती उचलून जुडग्यात लाव. काल्सोंगला पोत्यात ढकल. मुखियाला सगळं जिथल्या तिथं दिसतं."

"पाप नाही ना ग, बुबू?"

"असलं तर पोत्याला लागेल. जा."

पडद्याआड गेल्यावर लेसावीनं आधी पोतं उघडलं. वर काल्सोंग हसत होता. त्याला बाजूला सारलं तर खाली काल्सोंग. तिनं कोपरापर्यंत हात घातला. इतर दोघातिघांचे चेहरे आले, पुन्हा काल्सोंग आला. लेविया नव्हती. पुरुषांनी टाकलेल्या लेविया एवढ्या होत्या, त्या गेल्या कुठं?

मग तिला कळलं. रांगेत तिच्यापुढं माना खाली घालून उभ्या असलेल्या बायका. एरवी पाणवठ्यावर एकमेकींना बोलू न देणाऱ्या, आज मुकाट होत्या. त्यांनी त्या उचलून नेल्या होत्या. तिच्यासाठी एकही उरली नव्हती.

"बाई, झालं का?" टेबलावरच्या माणसानं विचारलं.

"होतंय."

चटईचा तांबडा काठ डोळ्यांपुढं आला. मग तो कंदील आला. हलत राहिलेला. तिनं लेवियाची चिठ्ठी पाकिटात घातली, उरलेला जुडगा बाहीत सरकवला आणि ती बाहेर आली.

"सापडली?" बुबूनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय. जे करायला आले होते ते केलं."

निनाच्या तोंडातली झग्याची नाडी बुबूनं काढून घेतली आणि पोर परत दिली.

नाकमालात पुरुष कावाच्या, झिंग आणणाऱ्या मुळीच्या रसाच्या वाट्या घेऊन बसले होते. बायकांना उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नव्हता. त्या बाहेरूनच चिठ्ठ्या देत होत्या. मुखिया पाहत होता, मान हलवत होता. लेसावीच्या जुडग्याशी त्याचा हात थांबला.

"हा कोण?"

"काल्सोंग."

"गडबडीत राहिला असेल. पोर रडत असेल." मुखियाचा आवाज मऊ होता. "चुकून झालं म्हण आणि घरी जा. चटई राहू दे."

तिचा नवरा काल्तोंगा कोपऱ्यातून पुटपुटला, "म्हण ना. काय जातंय?"

"चूक नाही झाली," लेसावी म्हणाली.

"काल्तोंगा, तुझ्या बायकोला वास घेऊनच चढली रे," कुणीतरी म्हणालं. पुरुष हसले. मुखिया हसला नाही.

संध्याकाळी शाळेत पाकिटं फोडली. लेवियाचं नाव पुन्हा पुन्हा पुकारलं जाऊ लागलं तसा मुखिया उठून उभा राहिला आणि तडक लेसावीपाशी आला.

"बाकीच्या कोण?"

"ज्यांची चूक झाली नाही, त्यांनाच विचारा की."

घरी तिच्याकडून सगळं ऐकून काल्तोंगानं ताटातला कंदाचा लापलाप नुसता चिवडला. "पोत्यात सापडली नाही, तर काल्सोंगलाच पाकिटात टाकायचं होतंस."

"तेवढ्यासाठी उन्हात उभी नव्हते मी."

इतर बेटांची मतं आली आणि रेडिओनं निवडून आलेला म्हणून काल्सोंगचं नाव सांगितलं. त्या सकाळी लेविया दवाखान्यात नेहमीसारखी पोरांची वजनं करत होती. निनाला काट्यावरून उतरवताना तिनं लेसावीकडे पाहिलं. "छान भरलीय," एवढंच म्हणाली.

दुपारी लेसावीनं चटई गुंडाळली. काल्तोंगा म्हणाला, मी नेतो. तिनं दिली नाही. स्वतः खांद्यावरून नेली, नाकमालाच्या उंबऱ्याशी ठेवली, वरची धूळ तळहातानं झटकली आणि मागं वळली.

ओट्यावर केवड्याच्या पात्यांच्या पेंड्या पडल्या होत्या. काटे काढलेली, उकडून उन्हात पांढरी केलेली पाती, विणायला तयार. एकीवर दुसरी, भिंतीला टेकतील इतक्या. आणणारी एकही समोर नव्हती. पण गावात प्रत्येकीची गाठ वेगळी. बुबूची दुहेरी पिळाची, कोपऱ्यावरल्या घरातलीची आखूड शेपटाची. लेसावीनं एकेक गाठ पाहिली. सगळ्या ओळखल्या. दुसऱ्या कुणीही ओळखल्या असत्या.

मग तिनं त्या सोडल्या आणि बांधलेल्या दोऱ्या गोळा करून चुलीत घातल्या. निना झोपली होती. लेसावीनं पाती मांडीवर ओढली आणि पहिली ओळ धरली.